माझ्यासमोर जेवा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, कारखान्याच्या कँटीनची निवृत्त मुख्य स्वयंपाकीण, कामगारांत 'फौजदारीण' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडला आहे तो गळा.

तीन वर्षांपूर्वी अन्ननलिकेत गाठ निघाली. तेवढा भाग कापून डॉक्टरांनी माझे जठर वर ओढले आणि मानेत जोडले. गाठ गेली, पण जोड आवळत राहिला. दर दोन-अडीच महिन्यांनी आत फुगा घालून तो रुंद करतात, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पंधरा वेळा झाले. सध्या गाळलेले पातळ तेवढे उतरते, अर्ध्या वाटीला पाऊण तास. मी थकले आहे, हे इथे स्पष्ट नमूद करते.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, सून व मुलगा यांना समान. कागदावर सुनेचे नाव आधी घालावे. मुलाने फुगून बसू नये. तीन वर्षे माझे अन्न चाळणीतून कोणी गाळले, हे त्यालाही ठाऊक आहे.

२. बँकेतली ठेव लेकीला. ती लांब राहते, रोज फोन करते, हवापाण्याचे बोलते, पण "आज काय खाल्लंस?" एवढे विचारायचे टाळते. विचारत जा गं.

३. माझ्या मालकीची मोठी पातेली, झारे व डाव कँटीनमधल्या माझ्या मदतनीस बाईला. हात सैल आहे तुझा, मीठ जपून घाल.

४. नणंदेला काही नाही. ऑपरेशननंतर भेटायला आली आणि म्हणाली, "बरं झालं, आता तरी तुझं तोंड बंद राहील." गंमत केली म्हणे. पुन्हा विचार करता, तिला मिठाची बरणी द्यावी. जखमेवर चोळायला उपयोगी पडेल.

५. जेवणाचे टेबल. कँटीनमधून भंगारात निघाले तेव्हा मी घरी आणले. आठ जण आरामात बसतात. आता त्यावर इस्त्रीचे कपडे आणि माझी औषधे असतात, कारण घरात माझ्यासमोर कोणी जेवतच नाही. स्वयंपाकघराचे दार लावून, उभ्याउभ्या, भांडे न वाजवता उरकतात. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद. विचारले की, "आमचं केव्हाच झालं, आई." परवा नात गाल फुगवून बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, मी काहीच खात नाहीये हं!" हसावे की रडावे, कळेना.

हे सगळे मायेपोटी चालले आहे, कळते मला. पण तीस वर्षे मी रोज चारशे माणसांना वाढले. पहिला घास घेताना त्यांचे चेहरे बघायचे, त्यातच माझे निम्मे पोट भरायचे. माझा घास आजाराने नेला. तुमचा बघायचे सुख तुम्ही नेलेत. फार एकटे वाटते हो.

म्हणून टेबल सून, मुलगा व नात यांना, या अटीवर की माझ्यासमोर त्यावर जेवाल. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

"मग हे कलम आजपासून लागू, असं लिहा."

"कायद्यात बसत नाही ते."

"न बसू दे. ही तिघं बसली की झालं."

६. गुरुवारी सोळाव्यांदा फुगा घालायचा आहे. जाणार नव्हते. घरात बोलले नव्हते, आज इथे लिहिते. कलम पाच पाळले गेले तर जाईन.

वरील मजकूर सहीपूर्वी सर्वांना वाचून दाखवला. मग मुलाने टेबलावरचे कपडे उचलले, नातीने ताटे मांडली. साक्षीदारांनाही बसवून घेतले. सुनेने पहिला घास तोंडात घातला आणि तो तसाच धरून रडू लागली.

मी म्हटले, "गिळ, बाई. तुझा गळा चांगला आहे."

तिने गिळला. मी नीट पाहिले. त्यानंतर सही केली.

सही: फौजदारीण

साक्षीदार, माझ्या व एकमेकांच्या समक्ष:
१. शेजारचा घड्याळजी (दोनदा वाढून घेतले)
२. खालच्या मजल्यावरची निवृत्त परिचारिका

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ४ मार्च, मंगळवार, दुपार

ता. क. गुरुवारी सकाळी नऊला गाडी सांगा.