घड्याळ घेतलं, निरोप नाही

नॉर्डाल, मिनेसोटा
जून १९३२

प्रिय हॅल्वर,

तू त्या मेजवानीला आला नाहीस ते बरंच केलंस. आला असतास तर हसू दाबता दाबता तुझी जुनी बरगडी पुन्हा मोडली असती. चर्चच्या तळघरातली तीच लांब टेबलं, तीच अंडं घालून उकळलेली कॉफी, आणि केकवर चक्क माझं नाव! तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपल्या नॉर्वेजियन लोकांत जिवंत माणसाचं एवढं कौतुक कोणी करत नाही.

जेवणं झाल्यावर कॉलेजचे अध्यक्ष डॉ. लुंडबी उठले. फुटबॉलमधले माझे जुने विजय त्यांनी एकेक करून आठवले, त्यातले दोन तर माझे नव्हतेच. मग 'आपल्या लाडक्या कोचना' म्हणत मखमली डबी पुढे केली. आत खिशात ठेवायचं सोनेरी घड्याळ. झाकण उघडलं तर आतून कोरलेलं, 'कोच टोर्वाल्ड ब्रेक्के यांना कृतज्ञतापूर्वक, विश्रांतीच्या शुभेच्छांसह.' मी पुन्हा वाचलं. कसली विश्रांती? कुणी मागितली होती? तेवढ्यात माझ्या बायकोनं, रग्नानं, टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली आणि कुजबुजली, "अरे म्हाताऱ्या, घड्याळ कसलं, नारळ दिलाय तुला!"

आपली माणसं तुला ठाऊक आहेत. बर्फात गाडी रुतली तर अख्खं गाव ढकलायला येईल, पण तोंडावर 'तू जा' म्हणायची वेळ आली की सगळे कपातल्या कॉफीकडे बघत बसतात. मी ते कोरलेलं वाचीन, डोळे पुसीन आणि आपणहून राजीनामा देईन, असा त्यांचा बेत. मी उठलो, सगळ्यांचे आभार मानले, घड्याळ जाकिटाच्या खिशात टाकलं आणि म्हणालो, "घड्याळ फक्कड आहे. ऑगस्टात पोरं सरावाला उशिरा आली की दाखवायला बरं. चला, भेटू मैदानावर." पुढच्या टेबलांवरचे सगळे पुन्हा कपात बघायला लागले. मग मागच्या बाकांवरून आपली जुनी पोरं टाळ्या पिटायला लागली आणि लुंडबींच्या हातातला केक टेबलावर पडला.

त्यानंतर घरी रीघ लागली. पाद्रीबाबा बटाट्याचं कालवण घेऊन आले आणि म्हातारपणी मासेमारी किती चांगली, हे सांगून गेले. मग स्वतः लुंडबी आले. ओसरीवर बसून मक्याबद्दल बोलले, बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोलले, उठताना म्हणाले, "टोर्वाल्ड, आता कसं, जरा निवांत वाटत असेल ना?" मी म्हटलं, "छे हो, हंगाम तोंडावर आलाय!" बिचारे टोपी विसरून गेले.

हसतोयस ना? हस. पण मला फार लागलं, हॅल्वर. माझा खेळ जुना झाला, चेंडू बगलेत धरून धावण्याऐवजी हातानं पुढे फेकायची नवी तऱ्हा मला उमगत नाही, असं म्हणे ते आपसात बोलतात. असेलही खरं. पण मग ते मला सांगा ना! उभा जन्म मी पोरांना तोंडावर सांगत आलो. तुलाही सांगितलं होतं की तू भित्रा खेळतोस. रडलास आणि पुढच्याच शनिवारी सिंहासारखा धावलास. माझ्यात ऐकून घ्यायची ताकद नाही, असं त्यांनी कशावरून ठरवलं?

रागाच्या भरात मी थोरसन घड्याळजीकडे गेलो. म्हटलं, ती विश्रांती तेवढी घासून काढ. त्यानं भिंग लावलं, बघितलं आणि मान खाली घालून म्हणाला, "कोच, घासलं तर आतलं पितळ दिसेल. नुसता मुलामा आहे." मी दुकानात पोट धरून हसलो, तोही हसला. आता घड्याळ तसंच वापरतो. चालतं झकास.

काल तुझी सिग्ने रग्नाला भेटायला आली होती आणि तू जे मला लिहिलं नाहीस ते रडत रडत बोलून गेली. लुंडबींनी माझी जागा तुला देऊ केली आणि "कोच असताना मी त्या बाकावर बसणार नाही" म्हणून तू ती नाकारलीस. तिकडे हायस्कूलनं तुझी नोकरी बंद केलेली, ऑक्टोबरात घरात मूल येणार, आणि हा पठ्ठ्या गप्प! गाढवा, तूही शेवटी त्यांच्यातलाच निघालास. तर आता मी तोंडावर सांगतो, ऐक. उद्या सकाळी जा आणि ती जागा घे. माझा राजीनामा आज मी स्वतः लुंडबींच्या टेबलावर आपटून आलोय. तुझ्यासाठी दिलाय, त्यांच्या घड्याळासाठी नाही. आणि विश्रांती घेतोय असं समजू नकोस. नदीपलीकडचं हेग्रा कॉलेज, ज्यांना आपण दरवर्षी धुतो, ते वसंतापासून माझ्या मागे लागलं होतं. आज दुपारी त्यांना होकार दिला. थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरअखेरीस, ते तुमच्या मैदानावर खेळायला येतील आणि समोरच्या बाकावर मी असेन. तुला हवा तितका चेंडू पुढे फेक. फक्त माझी दया येऊन मुद्दाम हरलास तर, हॅल्वर, मी पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही.

त्या एका दुपारचा अपवाद सोडून कायम तुझाच,
टोर्वाल्ड ब्रेक्के
कोच, हेग्रा कॉलेज