चष्मा पोस्टानं मिळणार नाही

बारकीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र हातात घेतलंस खरं, पण आधी चष्मा शोधत बसली असशील. उशीखाली पाहिलंस, कपाळावर चाचपलंस, घरातल्या माणसांवर ओरडूनही झालं असेल. बाई गं, तो इथे आहे. साथ सुरू व्हायच्या जरा आधी तू आमच्याकडून गेलीस, तो आमच्या खिडकीत ठेवून गेलीस. हे मी तुला दर फोनला सांगते आणि दर फोनला तू "अगंबाई, तरीच!" म्हणतेस. नवा केलास असंही मधे म्हणालीस. तो कुठे ठेवलायस हे मी विचारणार नाही, तुझा अपमान व्हायचा. तेव्हा हे पत्र तुझ्या लेकाकडून मोठ्यानं वाचून घे. म्हणजे बघ, मी सांगायचं, माझ्या सुनेनं लिहायचं, तुझ्या लेकानं वाचायचं आणि तू ऐकायचं. आपल्या दोघींना बोलायला आता चार माणसं लागतात. पूर्वी एक उंबरठा पुरायचा.

तुझी तब्येत कशी आहे ते विचारत नाही. "बरी आहे" म्हणशील, आणि त्यावर माझा विश्वास नाही. का नाही ते पुढे येईल. माझी मात्र सविस्तर सांगते. गुडघे जुनेच आहेत, त्यांच्याबद्दल नवीन काही नाही. कान शाबूत. डोळ्यांचं तुला ठाऊक आहे, मोतीबिंदू. समोरचा माणूस मला उकळत्या पातेल्याच्या वाफेपलीकडे उभा असल्यासारखा दिसतो. त्यात या साथीत प्रत्येकानं तोंडाला मास्क लावला, म्हणजे अर्धं तोंड फडक्यानं झाकलं आणि उरलेलं माझ्या मोतीबिंदूनं. पूर्वी मी माणसं खोकल्यावरून तरी ओळखायची. आता चारचौघांत खोकायची कोणाची छाती होत नाही. परवा मी दारात उभ्या असलेल्या माणसाला अर्धा तास (सूनबाई म्हणते इतका नव्हता, तिनं लिहावं, मोजू नये) आपल्या घरचं सगळं सांगितलं, आणि तो वीज मीटर बघायला आलेला निघाला. भला माणूस, शेवटपर्यंत हुंकार देत होता.

तर ऑपरेशन. सरकारी दवाखान्यात माझा नंबर लागला होता, तेवढ्यात ही साथ आली आणि डोळ्यांच्या वॉर्डातल्या खाटा तापाच्या माणसांना दिल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला श्वास मिळत नाही त्याला आधी खाट, एवढं शाळेत न गेलेल्या बाईलाही कळतं. पण "पुढची तारीख कळवू" म्हणाले, ते म्हणतच राहिले. फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बाजा सुरू. सूनबाई फोन ओट्यावर ठेवायची, भाजी चिरायची, कणीक मळायची, कपडे वाळत घालून यायची, बाजा चालूच. मला तो इतका पाठ झाला की एकदा लाइन तुटल्यावर पुढचा भाग मीच गुणगुणून पुरा केला. तुझ्या भाच्याला वाटलं लागला वाटतं फोन, धावत आला.

हसू नकोस. ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तू शाळेतून यायचीस, मी भांडी घासत असायची, आणि तू शेजारी बसून पाढे घोकायचीस. आकडा कसा दिसतो ते मला आजही माहीत नाही, पण तू अडलीस की पुढचं मी सांगायची. मग तू चिडून राख उडवायचीस. ती भांडी परत घासावी लागायची, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. आता तर वाटतं, यावं कोणीतरी राख उडवायला.

असो. शेवटी बोलावणं आलं, पण दवाखान्यात नाही. तिथे जागाच नव्हती म्हणून डोळे तपासायचं काम मागच्या शाळेत हलवलं होतं. पोरं घरी, वर्ग रिकामे. म्हणजे बारके, मी या वयात पहिल्यांदा शाळेत गेले! नवं लुगडं नेसले होते (सूनबाईनं हसत हसत निऱ्या नीट केल्या). अंगणात चुन्याचे गोल काढले होते, एकेका गोलात एकेक माणूस. मला गोल दिसेना. मी आपली दोन गोलांच्या मधे उभी. पहारेकरी म्हणाला, "आजी, गोलात या." मी उजवीकडे सरकले. "आजी, तो माझा पाय आहे." शेवटी त्यानं मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. पोरांचा बाक तो, गुडघे हनुवटीला लागले. पण बसले ऐटीत.

आणि बसले ती बसलेच. ऊन माझ्या पायांवर आलं, मांडीवर चढलं, पलीकडच्या शिंपीणबाईच्या मांडीवर गेलं, तरी रांग तिथेच. शिंपीणबाई चांगली बोलकी. साथ आल्यापासून नुसते मास्कच शिवून शिवून डोळे गेले म्हणाली. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारायची, तर आता शेजारीण दारही उघडत नाही. वाऱ्यासाठी वर्गाची दारं-खिडक्या सताड उघडी होती, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. भिंतीवर म्हणे अक्षरांचा तक्ता होता, वरची अक्षरं भोपळ्याएवढी, खालची मोहरीएवढी. प्रत्येकानं ती वाचायची. आमच्या पुढे एक निवृत्त कंडक्टर होता. त्यानं तो तक्ता असा म्हटला की जणू गाडीच थांब्याथांब्यानं निघाली आहे. खणखणीत आवाज, प्रत्येक ओळीनंतर एक श्वास. त्याला डॉक्टरीणबाईंनी आधी एका डोळ्यानं वाचायला लावलं, मग दुसऱ्यानं, मग दोन्हींनी. तिसऱ्या खेपेला मी बाकावर बसून त्याच्या बरोबरीनं म्हणत होते. शिंपीणबाई म्हणाली, "तुम्हाला इथून दिसतं?" मी नुसती मान हलवली. कशीही हलवली तरी चालते ती मान.

माझा नंबर आला. डॉक्टरीणबाई अगदी पोरवयाची असावी, आवाजावरून सांगते, अंगावर पांढरा अंगरखा, बाकी सगळं झाकलेलं. दमलेली होती. विचारते कशी, "आजी, वाचता येतं ना?" आता हे तिनं हळू विचारलं असतं तर सांगते, मी खरं बोलले असते. पण दारं सताड उघडी, बाहेर सगळी रांग कान टवकारून बसलेली, कंडक्टर अजून थेंब घालून घ्यायला कोपऱ्यात बसलेला. आणि त्यात मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत. पहिल्याच दिवशी "येत नाही" म्हणू? मी म्हटलं, "न यायला काय झालं!"

तिनं माझा एक डोळा झाकला. समोर भिंत होती की आभाळ होतं, मला काही कळत नव्हतं. मी तोंड त्या बाजूला करून धडाधड तक्ता म्हटला. दुसरा डोळा झाकला, परत म्हटला. कंडक्टर चौथ्या ओळीत जरा ठसकला होता, तिथे मीही ठसकले. (पाठ केलं म्हणजे सगळं पाठ होतं.) त्यासरशी बाहेरची रांग चार गोल मागे सरकली. शेवटच्या ओळीत तो एका अक्षरापाशी "हे जरा पुसट आहे हं" असं म्हणाला होता, तेही मी म्हटलं. डॉक्टरीणबाई खाली मान घालून लिहीत होती. म्हणाली, "आजी, कमाल आहे! माझ्यापेक्षा तुमची नजर चांगली आहे."

बारके, मला जे वाटलं ते कसं सांगू? पहिली परीक्षा आणि पैकीच्या पैकी गुण! तू शेजारी असायला हवी होतीस असं वाटलं, जळून खाक झाली असतीस. त्या आनंदात पुढचं वाक्य माझ्या नीट कानावरच पडलं नाही. ज्याला मोतीबिंदूनं काहीच दिसत नाही त्याला आधी घेतायत, तुम्हाला एवढं छान दिसतंय, तर तुमचं साथ ओसरल्यावर बघू. झालं! माझं नाव यादीच्या तळाला. मी मात्र डॉक्टरीणबाईला भरभरून आशीर्वाद दिला, सुखी राहा, लवकर लग्न होऊ दे म्हटलं, आणि बाहेर पडले. सूनबाईला तोवर फाटकाबाहेरच थांबवलं होतं, मला न्यायला ती तेवढी शेवटी दारात आली, तिनं वाटेत सांगितलं की आई, तो आशीर्वाद तुम्ही खुंटीवरच्या कोटाला दिलात.

घरी तुझ्या भाच्यानं सगळ्या जिन्याला बातमी दिली की आईचे डोळे ठणठणीत आहेत. शेजारी अभिनंदन करून गेले. मी हसून घेतलं आणि त्याच दिवशी डाळीत मिठाऐवजी साखर घातली. कोणाला काही बोलले नाही. म्हटलं, जाऊ दे, या वयात बघायचं तरी काय राहिलंय.

आणि मग तुझा तो तोंड दिसणारा फोन आला.

तू तापात होतीस, दवाखान्यात होतीस, नाकाला नळी होती, हे सगळं घरी परत आल्यावर कळवलंत आम्हाला. मी तुझ्या लेकाला तोंडाला येईल ते बोलले, त्याबद्दल त्याला माझे आशीर्वाद दे (तो हे वाचतोच आहे, बाबा रे, राग गेलेला नाही). त्या दिवशी फोनवर तू दिसणार म्हणून मी केस विंचरून बसले. सूनबाईनं फोन नाकापाशी धरला. तू आधी बराच वेळ पंखा दाखवलास. मग आलीस. सगळे म्हणाले, मावशी आली, मावशी दिसतेय, बरी दिसतेय. मला पीठ सांडल्यासारखं काहीतरी पांढरं दिसलं. तू म्हणालीस, "ताई, मी अगदी पहिल्यासारखी आहे." बारके, तू लहानपणीही अंगात ताप असला की असंच म्हणायचीस, आणि मी तुझं तोंड बघून आईला सांगायची. डोळ्यांखाली बघितलं की मला कळायचं. परवा मी फोनवर हात फिरवला तर थंडगार काच. त्यावर तुझा गाल कुठे लागायचा!

तेव्हा मी सूनबाईला सगळं खरं सांगितलं. ती आधी इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. मग उठून तिनं फोन लावला आणि तो बाजा संपेपर्यंत कानाला धरून उभी राहिली. ओट्यावर ठेवला नाही. (हे ती लिहीत नव्हती. तिला दोनदा दटावलं तेव्हा लिहिलं.)

पुन्हा तीच शाळा, तोच बाक, तेच ऊन मांडीवर. शिंपीणबाई नव्हती, तिला एका डोळ्यानं दिसायला लागलं म्हणे. आत गेले आणि डॉक्टरीणबाईनं काही विचारायच्या आधीच, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मला अक्षर येत नाही. मागच्या वेळी म्हटलं ते कंडक्टरचं होतं." मग ती मुलगी इतकी हसली की मास्क तोंडाच्या आत गेला. बाहेर रांगेतही कोणीतरी हसलं, हसू दे. न वाचणाऱ्यांसाठी तिच्याकडे वेगळा तक्ता होता, तीन दातांच्या फणीसारखं काहीतरी असतं, दात कोणीकडे आहेत ते बोटांनी दाखवायचं. मी सगळे चुकीचे दाखवले. सपशेल नापास! मला तारीख मिळाली.

तर असं आहे. पुढच्या पौर्णिमेच्या आसपास डोळा होईल. काळजी करू नकोस, तिथे सगळी व्यवस्था आहे, सूनबाई आहे, लेक आहे, मला कोणाचीही गरज नाही. तू तुझी तब्येत सांभाळ, दगदग करू नकोस, इतक्या लांब यायचा विचारही मनात आणू नकोस. घरात सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
थोरली (अंगठा उमटवणार होते, सूनबाईनं शाई कुठेतरी ठेवली आहे, ही तुझ्यावर गेली)

ता. क. ऑपरेशनला सोबत एकच माणूस चालतं. त्यानं आधी तपासणी करून घ्यायची आणि पट्टी निघेपर्यंत तिथेच राहायचं. सूनबाई राहते म्हणाली. पण त्यांनी सोबतीचं नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझंच गेलं, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं. आता ते बदलायचं म्हणजे परत फोन करायचा आणि परत तो बाजा. तूच ठरव.

ता. क. दुसरा. पट्टी निघाली की समोर पहिलं जे तोंड येईल ते नीट दिसणार आहे. गाड्या सुरू झाल्या आहेत असं तुझा भाचा म्हणतो. मी सहज सांगितलं.

मावशी, हे मी सून लिहिते आहे. आई बाहेर गेल्या आहेत तोवर. तुमचा चष्मा त्या रोज पदरानं पुसून त्याच खिडकीत ठेवतात. पोस्टानं पाठवून देऊ का असं मी किती वेळा विचारलं. म्हणतात, राहू दे, तो गेला तर ती कशासाठी येईल?

ता. क. शेवटचा. मघाशी ही काय खरडत होती ते मला वाचून दाखवत नाही. माझ्याविरुद्ध असेल तर खरं मानू नकोस. आणि हे बघ, तू मागे दिलेली पाकातल्या लिंबांची बरणी संपत आली. तळाला एक फोड उरली आहे, ती मी कोणाला काढू देत नाही. येताना नवी आण. पण छोटी आण. मागच्या वेळी "पुढच्या भेटीपर्यंत पुरेल" म्हणून ती भली मोठी दिलीस, आणि बघ काय झालं.