तिसऱ्या बॅकची जागा

मंगळ, १० सप्टेंबर १९५७
पहिली पाळी सुटल्यावर थेट घोडपदेवचं मैदान. फुटबॉलला पोरं तेरा. बॉल जिकडे, तेराही तिकडे, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे. शेवटी सगळ्यांना खाली बसवलं, मातीत कॅरमच्या सोंगट्या मांडल्या. सेंटर-हाफने पुढे धावायचं नाही, दोन बॅकच्या मधे थांबायचं. म्हणजे तिसरा बॅक. आमच्या मिलच्या टीमला गेल्या साली ह्याच रचनेने धूळ चारली, तेव्हापासून डोक्यात आहे. तिथे दिनकर कांबळेला उभा केला. वय पंधरा, पण बॉल यायच्या आधी हा तिथे हजर. खूश होईल वाटलं. नुसता "बरं" म्हणाला.

गुरु, १२
दिनकर आला नाही. वसंताला विचारलं, का रे?
"मला काय माहीत, बाबा? कप्तान आहे मी, त्याचा रखवालदार नाय."
जिभेला हाड नाही आमच्या कार्ट्याच्या.

रवि, १५
सकाळी समितीची प्रभातफेरी, लालबागपर्यंत. दि.चे वडील माझ्या शेजारीच. आमच्याच मिलमध्ये, रिंगखात्यात सूतकताईवर आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा दिल्या दोघांनी, घसे बसले. नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा पोराचं विचारलं.
"त्याला मागं उभं केलंत म्हणं."
मी रचना समजावायला लागलो. ऐकून घेतलं सगळं. मग शांतपणे म्हणाले, "गावडे, तुमच्या साचाखात्यात आम्हाला घेत नाहीत. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, आणि आमचा उष्टा धोटा तुम्हाला चालत नाही. ते रोज बघतोच. मैदानात तरी पोरगं पुढं असावं, असं वाटतं. तुमचा वसंता कुठं खेळतो?"
"पुढे."
"मग?"
चहा संपवून गेले. माझा कपात तसाच.

सोम, १६
साच्यावर कापड विणताना दिवसभर तेच डोक्यात. वीस वर्षं धोट्याला तोंड लावतोय. रिंगखात्यातला एकही माणूस आमच्या बाजूला का नाही, हे ठाऊक होतं. कधी बोललो नाही. लाज वाटली. रागही आला, कारण दि.ला मी त्याच्या खेळावरच निवडला. निवडला ना? हो.

बुध, १८
प्रभादेवीच्या पोरांशी सरावाचा सामना. वसंताला मागे उभा केला. दहा मिनिटं टिकला, मग बॉल दिसला की सुटलाच पुढे. मागे मोकळं रान. चार गोल खाल्ले.
"बाबा, मागे नुसतं उभं राहायचा कंटाळा येतो."
नुसतं उभं! पण चूक माझीही. सोंगट्या मांडल्या त्या दिवशी काय करायचं नाही एवढंच सांगितलं. मागचा माणूस सगळी टीम हाकतो, हे बोललोच नव्हतो.

शनि, २१
दि. आला! घरी सांगून आलास का, विचारलं.
"सांगितलं. बुधवारी कठड्यावर बसून बघितलं मी. ती जागा वसंताला नाय जमत, मला जमते."
मला हसूच आलं. मग म्हणतो, "पण काका, मागून मला सगळं दिसतं, कोण कुठे चुकतो ते. मी ओरडलो तर पोरं ऐकत नाहीत, वसंताचं ऐकतात. तिथं उभा राहीन. पण कप्तान मी."
बरोबर बोलला. खेळाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. तरी माझ्या तोंडून हो निघेना. "बघू" म्हणालो. त्याने मान हलवली आणि घोट्याला पट्टी बांधायला बसला.

रवि, २२
चार वाजता चिंचपोकळीच्या टीमशी सामना. कागद लिहायला घेतलाय. अकरा नावं झाली, दि. दोन बॅकच्या मधे. कप्तान कोण, ते लिहायचं राहिलंय.
दि. आमच्या चाळीतला, आमच्यातला असता तर काल चटकन हो म्हणालो असतो का? वसंता माझा मुलगा म्हणूनच अडखळलो, अशी समजूत घालून बघितली. पटली नाही.
नाव लिहायच्या आधी त्याला सांगायला हवं, म्हणून वसंताला हाक मारली आहे. केस विंचरून येतो म्हणाला.