दोऱ्यानं बांधलेली गॅली

मास्तर,

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून मला बाकावर बसवून ठेवलं. दोन तास समोरचं काही दिसेना. शेजारच्या बाईंनी विचारलं, आजोबा, तुमचा नंबर कितवा, आणि हातातली चिठ्ठी मला वाचता येईना. मी ती बोटांनी चाचपत बसलो, जसं काही बोटाला आकडा कळणार होता. तेव्हा तुम्ही आठवलात. आठवलात म्हणजे काय, विसरलो कधी होतो. पण इतकी वर्षं तुमची आठवण मी दाराबाहेर उभी ठेवली होती, ती परवा न विचारता आत येऊन बाकावर शेजारी बसली. म्हणून हे लिहितोय. अक्षर मोठं काढलंय, ओळी वाकड्या गेल्या असतील तर सांभाळून घ्या.

उंब्रजहून सातवी पास होऊन मी सांगलीला आलो, ते हळदीच्या वखारींमागच्या आपल्या छापखान्यात. बाहेरच्या हमालांचे हात पिवळे, आतल्या आमचे काळे. तुम्ही स्वतः वीस वर्षं खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवून मग प्रुफं तपासायला बसलेले. पहिल्या दिवशी माझ्या हातात चिमटा दिलात आणि म्हणालात, सरळ वाचायला शाळेत शिकवतात, इथं उलटं वाचायला शिकायचं. मी शिकलो. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं आपण छापायचो त्या शाळेच्या मार्गदर्शकांतून शिकलो, त्यामुळं अजूनही मला उत्तर आधी आठवतं आणि प्रश्न मागून. दुपारी तुम्ही तुमच्या गावच्या, रहिमतपूरच्या गुळाचा खडा माझ्या भाकरीवर ठेवायचात. नको म्हटलं तर म्हणायचात, डोक्याला लागतो, खा. माझा बाप लहानपणीच गेलेला. तुमच्यापुढं तोंड धुऊन, केस विंचरून यावं असं मला वाटायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

प्रूफ तपासताना मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही प्रुफावर बोट फिरवत चुका काढायच्या, अशी आपली रीत. शेवटच्या दीड वर्षात ती उलटी झाली. प्रूफ मीच वाचायचो, चुका मीच काढायचो, तुम्ही मान हलवायचात आणि कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं सही करायचात. एकदा कुणी नाही असं बघून तुम्ही म्हणालात, "मला आता ओळ दिसत नाही रे, नुसता धूर दिसतो. धाकटीचं डी.एड. होईपर्यंत दोन वर्षं काढायचीत. हे आपल्या दोघांतच राहू दे." मी तुमच्या पायाला हात लावून हो म्हटलं होतं.

आणि त्याच सालात अभ्यासक्रम बदलला. आपल्या गोदामातली जुनी पुस्तकं एका परिपत्रकानं रद्दी झाली. मालकांनी केबिनचं दार लावून घ्यायला सुरुवात केली आणि मालकांच्या खणात एक यादी आहे, चौघं जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. भीती वाटायची तसे आम्ही जास्त हसायचो. कुणी केबिनमधून बाहेर आला की मशीनवाला विचारायचा, "हायस का गेलास?" केबिनमधला पंखा बंद पडला तर म्हणाला, पयली नोटीस पंख्याला लागली. बाइंडर चाचा भूगोलाचे गठ्ठे रद्दीसाठी बांधता बांधता सांगायचे, ह्यो गठ्ठा नापास, आता आपला निकाल. रद्दीवाला आला तेव्हा मशीनवाल्यानं त्याला विचारलं, आमाला बी किलोवर घेशील का, तर तो याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, हाडं न्हाई घेत आमी. त्या दिवशी चाचा हसता हसता खाली बसले. मग डोळे पुसत पुन्हा गठ्ठे बांधायला लागले.

त्यातच आमची ती प्रश्नपत्रिका सुरू झाली. दुपारच्या चहाला आपल्याच पुस्तकांच्या थाटात चार-पाच खोटे प्रश्न जुळवायचे, हातानं एक प्रत काढायची, वाचून हसायचं, आणि लगेच खिळे सोडवून परत पेटीतल्या आपापल्या घरांत, म्हणजे कप्प्यांत, टाकायचे. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही कानाडोळा करायचात. जुळवण्यात माझा हात चालायचा, तसं विनोदात डोकंही चालायला लागलं. त्या बुधवारी मी जुळवलं: मालकांच्या खणात काय आहे, यादी, यादीची प्रत की पानाचा डबा? मशीनवाला हल्ली मालकांना दोनदा नमस्कार करतो, कारणे द्या. तिसरा पंख्यावरचा होता. इथवर सगळे नेहमीसारखे हसले. माझं समाधान झालं नाही. मी चौथा प्रश्न जुळवला: आपले मास्तर डोळे मिटून प्रुफे तपासतात, ते उघडे ठेवल्यास काय फरक पडेल, सकारण लिहा.

मास्तर, तुम्ही तेव्हा मोरीवर हात धूत होता. मशीनवाला दगडी टेबलावर डोकं ठेवून हसला. चाचा तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे खरं हाय व्हय रं?" आणि मी, तुमच्या पायाला हात लावून हो म्हटलेला मी, नुसत्या भुवया उडवून हसलो.

बहिणीला बघायला पाहुणे यायचे म्हणून चारच्या एसटीनं मला उंब्रजला जायचं होतं. घाईत ती गॅली, म्हणजे खिळ्यांनी भरलेलं ते लोखंडी तबक, मी सोडवली नाही. खिळे सांडू नयेत म्हणून दोरा गुंडाळला आणि दगडी टेबलावर ठेवून पळालो. आपल्यात दोऱ्यानं बांधलेली गॅली म्हणजे तयार मजकूर. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाल्यानं दगडावरच्या सगळ्या बांधलेल्या गॅल्यांची प्रुफं काढली. मजकूर न वाचता शाई लावायची त्याची सवय, तुम्हीच त्याला त्यावरून कितीदा बोलला होता. प्रुफं तुमच्या टेबलावर गेली. वाचून दाखवणारा मी गावाला. तुम्ही सगळ्यांवर कोपऱ्यात सही केलीत आणि गठ्ठा मालकांकडं पाठवलात.

शुक्रवारी मी आलो तर तुम्ही दगडापाशी उभे. बोटं त्या गॅलीतल्या खिळ्यांवर. मला बघून, म्हणजे माझ्या चपला ऐकून, तुम्ही हात काढून घेतलात. तेवढ्यात मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात तो कागद. खाली तुमची निळी सही.

"हे कुणी जुळवलं?"

मी जमिनीकडं बघतोय. मशीनवाला माझ्याकडं बघतोय. चाचा कुणाकडंच बघत नाहीत. पंखा फिरतोय, आणि माझ्या डोक्यात काय यावं, तर उगीच दुरुस्त केला हा, बंद होता तेच बरं होतं.

"मी," तुम्ही म्हणालात.

मालक म्हणाले, "तुम्ही? अहो मास्तर, यात तुमचीच थट्टा आहे."

"दुसऱ्याची कशाला करायची? डोळे गेलेत हे तुम्हाला सांगायचं होतं. तोंडानं जमेना."

मालक वाईट नव्हते. ते खाली बसले. कागद पालथा घातला. म्हणाले, मास्तर, आधी बोलला असता तर. त्या महिन्याच्या शेवटी तुम्ही काम सोडून गेलात. मला एक पाऊल पुढं टाकायचं होतं, दोन शब्द बोलायचे होते. तेवढ्यानं तुमची नोकरी टिकली असती असं नाही, डोळे तर गेलेलेच होते. पण तुम्ही एकटे उभे होता, तिथं दोघं उभे राहिलो असतो.

एसटी स्टँडवर तुमची वळकटी घेऊन मी आलो होतो. तोंडाशी आलं की मी वळकटीची दोरीच आवळत बसायचो. गाडी लागली तेव्हा तुम्हीच बोललात, "दोन शब्दांमध्ये तू जागा जरा जास्त सोडतोस. बोटाला कळतं." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. म्हणालात, "हसावं रे. माणसानं हसावं. पण हसून झालं की खिळे घरात टाकावेत." गाडी रहिमतपूरच्या रस्त्याला लागली आणि मी कितीतरी वेळ तिथंच उभा. वर्षभरात तुम्ही गेल्याचं पत्र छापखान्यावर आलं. ते मालकांनी मलाच मोठ्यानं वाचायला सांगितलं.

तुमच्या खुर्चीवर मी सव्वीस वर्षं बसलो. धाकटीचं डी.एड. पुरं झालं की नाही, हे विचारायला रहिमतपूरला जायचं दरवर्षी ठरवलं आणि दरवर्षी काही ना काही निघालं. मालक गेल्यावर त्यांचा खण साफ करायचं काम माझ्याकडं आलं. पावत्या होत्या, एक फुटका चष्मा होता, पानाचा डबा खरोखरच होता. यादी नव्हती. फाडली असेल, किंवा कधी नसेलही. त्या साली छापखान्यातून तुम्ही एकटेच गेलात.

पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणाला वाचायला द्यायची हिंमत नाही. त्या प्रुफावरच ठेवून ट्रंकेत घालीन. हो, ते प्रूफ माझ्यापाशी आहे. चाचांनी मालकांच्या टोपलीतून काढून माझ्या डब्याखाली ठेवलं होतं. काल भिंग लावून ते परत वाचलं. लाज तर वाटलीच, मास्तर. पण सांगून टाकतो, चौथ्या प्रश्नाला मला हसू आलं.