पाच पिल्लं आणि एक चिमटा

तीर्थरूप मामांना,

तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा (मामींच्या शब्दांत ‘त्या उपद्व्यापी कार्ट्याचा’) वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तुमच्या अंगणाचं फाटक अजून पहिल्यासारखं घट्ट बसतं ना? (हे आपलं सहज विचारलं.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे प्रकृतीने. बाकीचं सांगायलाच हे पत्र.

आमच्या घरमालकांच्या कुत्रीला आम्ही आपापसांत राणीसरकार म्हणतो. तिच्या सात पिढ्यांची कागदपत्रं मालकांच्या कपाटात आहेत (मला माझ्या पणजोबांचं नाव धड सांगता येत नाही, ते असो). दोन महिन्यांपूर्वी राणीसरकारांना पाच पिल्लं झाली. परवा एक गृहस्थ पिल्लू घ्यायला आले, कागदपत्रं बघितली, पिल्लं बघितली आणि समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले. त्यांच्या मागोमाग मालक जिना चढून आमच्याकडे आले आणि आमच्या ठोंब्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हाच तो.” हा बाप ठरला, तर महिनाअखेर आम्ही कुत्र्यासकट घर खाली करायचं. मामा, ठोंब्याला तुम्ही पाहिलं आहे. तो सभ्य नाही, पण माझा आहे. माझी नोकरी सुटली होती तेव्हा चार महिने घरात माझ्यावर न वैतागणारा तो एकटाच होता. त्याला कुठे सोडून यायची कल्पनाही मला सोसवत नाही. म्हणून मी तावातावाने म्हणालो, नुसतं बोट दाखवून चालणार नाही, डीएनए तपासून ठरवू, आणि मी स्वतः घरी तपासून दाखवतो. झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

टपालाने प्रयोगाचं किट मागवलं. डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या तर नळ्या तीन वेगवेगळ्या तापमानांत पुन्हा पुन्हा बुडवाव्या लागतात. ते करणारं यंत्र आपल्या ऐपतीबाहेरचं, म्हणून मी शेगडीवर तीन पातेली मांडली. एकात जवळजवळ उकळतं पाणी, दुसऱ्यात कडकडीत, तिसऱ्यात अंघोळीला चालेल त्याहून जरा गरम. प्रत्येकात अर्धं मिनिट, असे पस्तीस फेरे. दोनदा फेऱ्यांची मोजणी चुकली आणि पहिल्यापासून सुरू करावं लागलं. बायकोने तीन दिवस शेगडीवर पाणी सोडलं आणि आम्हाला ब्रेडवर जगवलं (आणि तसं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलंही).

वेळ सांभाळायचं काम सासऱ्यांकडे होतं. ते सध्या आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं घड्याळजी होते, त्यामुळे अर्धं मिनिट म्हणजे अर्धंच मिनिट. शिवाय हात स्थिर, आणि स्वतःचा चिमटा. कुत्र्यांच्या गालातून फिरवलेले कापसाचे बोळे नळ्यांत घालायचं नाजूक कामही म्हणूनच त्यांना दिलं. (गालातून कापूस फिरवणं माझ्याकडे होतं. ठोंब्याने खाऊ समजून तोंड उघडलं, राणीसरकारांनी माझा अंगठा फोडला आणि एका पिल्लाने बोळा गिळला.) पडताळा म्हणून एका नळीत कोरा कापूस आणि नुसतं पाणी ठेवलं. त्या नळीत काही दिसता कामा नये, असं पुस्तिकेत जाड अक्षरात छापलं होतं.

मग साबणाच्या डबीत जेली थिजवली, तिच्या एका कडेच्या खाचांत प्रत्येक नळीतला थेंब सोडला आणि दोन्ही टोकांना पाच बॅटऱ्या जोडल्या. विजेच्या ओढीने डीएनए जेलीतून सरकतो आणि त्याच्या पट्ट्या पडतात. पोराच्या पट्ट्या आईबापांशी जुळायला हव्यात. माशांच्या टाकीत टाकतात त्या निळ्या औषधात जेली बुडवली, सासऱ्यांनी ती चिमट्याने उचलली आणि आम्ही डोळे फाडून बघू लागलो. राणीसरकारांची पट्टी जिथे, तिथेच ठोंब्याची. तिथेच पिल्लांची. आणि तिथेच, अगदी तश्शी, नुसत्या पाण्याची!

मी मान वर केली. सासरे चिमटा ओठांत धरून उभे होते, ओठ निळेजांभळे. काम करताना चिमटा ओठांत धरायची घड्याळजींची सवय! कापसाचे सगळे बोळे त्याच चिमट्याने नळ्यांत गेले होते. खात्रीसाठी त्यांचीच लाळ तपासली, तर पट्टी तंतोतंत तीच. थोडक्यात, शास्त्रानुसार पाच पिल्लांचे आई, बाप आणि नळाचं पाणी हे सगळं माझे सासरेच आहेत.

तरी मी जेलीचा फोटो घेऊन, छातीठोकपणे, मालकांकडे गेलो. त्यांनी फोटो उलटा धरून पाहिला, बाजूला ठेवला, एक पिल्लू उचललं आणि ठोंब्याशेजारी बसवलं. दोघांचाही डावा कान मधोमध दुमडलेला. बाकीच्या चौघांचाही तसाच. “काखेत कळसा,” बायको मागून म्हणाली. मालकीणबाईंना हसू आवरेना, म्हणून मालक जरा नरमले. निकाल असा: येत्या रविवारपर्यंत पिल्लांची सोय लावली, तर ठोंब्या राहील आणि आम्हीही राहू. नाहीतर सगळ्यांनी चालतं व्हायचं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
उपद्व्यापी भाचा

ता. क. खोटं कशाला बोलू, बाप कोण हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ठोंब्या खाली राणीसरकारांकडे गेला त्या दुपारी जिन्याचं दार मीच उघडं टाकलं होतं. प्रयोग चुकेल एवढीच आशा होती. तर दोन पिल्लं तुम्ही ठेवून घ्याल का? कुत्र्यांबद्दल तुम्ही मागे जे बोलला होतात, ते गुडघा दुखत असताना बोलला होतात असं मी धरून चालतो.

ता. क. २. वरचं वाचून सासरे हसले. म्हणाले, “जावईबापू, चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या घड्याळाला माझी थुंकी लागली नाही. दार उघडं होतं ते मीही पाहिलं होतं.” मामा, मी त्यांच्या पाया पडलो.

ता. क. ३. पत्र टपालाने येत नाही, सासरेच घेऊन येत आहेत. त्यांच्या हातातली टोपली हलेल, घाबरू नका. आत दोन नाहीत, पाचही आहेत. कागदोपत्री बाप तेच असल्याने ते म्हणाले की लेकरांना मीच पोचवून येतो. ते आत आले की फाटक तेवढं लावून घ्या.