दाखवायचं चाक

प्रिय लंबू,

कंबर कशी आहे? लेक नीट करते ना तुझं? फोन दोनदा हातात घेतला नि ठेवला. मला लिहायला वेळ लागतो, शाळा चौथीतच सुटली हे तू जाणतोसच, पण कागद मधेच तोडत नाही. तुझा जावई उद्या परत निघतोय, त्याच्या हाती हे देतो.

इकडे बरं चाललंय म्हणायचं. डांबरी रस्ता ओढ्यापर्यंत आला. बस दिवसातून दोनदा येते. दवाखान्यात डॉक्टर टिकलाय. शहरात गेलेली तिघं पोरं परतली, त्यांनीही पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. गाव बघायला येणारे हे पाहुणे नसते तर यातलं काही झालं नसतं, हे मी मानतो. माझी खोलीही त्यांना दिली. मी शेडमध्ये भुशाच्या पोत्यांशेजारी झोपतो. कुरकुरलो की सून म्हणते, बाबा, तुम्हाला सुख बोचतं. बोचत असेल. पण थकलोय रे.

थकलोय त्या चाकानं. सकाळी पाहुण्यांसमोर मधल्या तुंब्यात आरे ठोकायचे, भोवती लाकडी पुठ्ठ्यांचा घेर बसवायचा, वरून धावेचं लोखंडी कडं चढवायचं. टाळ्या पडल्या की संध्याकाळी सगळं सोडवायचं, उद्यासाठी. तीन वर्षं तेच एक चाक. धाव लाल तापवून चढवली तर ती निवताना आवळते, मग सुटत नाही; म्हणून या चाकाची धाव मुद्दाम सैल ठेवलीय. आजोबा, परत ठोका ना, फोटो हलला, असं म्हणतात. मी ठोकतो. लेका, तू चाक करतोस की चाकाचं सोंग, असं तू विचारलं होतंस. मी हसण्यावारी नेलं.

तुझ्या घोडीला मीच चारा टाकतो. खाते, पण सारखी दाराकडे बघते. ती बिथरली, आता भरवसा नाही, विकून टाका, असा तुझा निरोप जावयानं आणला. रविवारी व्यापारी येतोय. गावही तेच म्हणतं, घोडी उधळली म्हणून तुझी गाडी उलटली नि तुझी कंबर मोडली. मीही मान डोलावली.

लंबू, घोडीचा काही दोष नाही. तुझं डावं चाक माझ्याकडे दुरुस्तीला होतं. दोन दिवसांत देतो म्हणालो होतो, पण पाहुण्यांपुढून उठताच येईना, त्याला हातही लागला नव्हता. त्या सकाळी पाहुणे बसथांब्यावर तुझ्या घोडागाडीची वाट बघत होते, माझा मुलगा घाई कर म्हणून ओरडत होता, तू आत चहा पीत होतास. मी तुला न सांगता तुझ्या चाकाच्या जागी दाखवायचं चाक बसवलं. धावेखाली चार पाचरी ठोकल्या नि एका फेरीपुरतं चालेल असं मनाला सांगितलं. उतारावर धाव निसटली, आरे सुटले. घोडी त्यानंतर बिथरली. नशीब, पाहुणे अजून चढायचे होते. मी सगळ्यात आधी पोचलो आणि तुला उचलायच्या आधी पाचरी गोळा केल्या. पाहुणे यायचे थांबतील, गाव मला उभं करणार नाही, या धास्तीनं महिनाभर गप्प बसलो. पाचरी सोबत पाठवतोय. तुझं खरं चाक आता झालंय, धाव तापवून चढवलीय. रविवारी मी व्यापाऱ्याला अडवायला तबेल्याच्या दारात बसेन, पण घोडी माझी नाही. विकू नका म्हणून तुलाच कळवावं लागेल. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

तुझाच,
चाकवाला