हौसाबाई म्हात्रे यांनी लावलेली शाळेच्या दप्तराची सोय

मी, हौसा कान्हू म्हात्रे, वय वर्षे ७६, पेण येथील बायकांच्या ट्रेनिंग शाळेची (आता बंद) निवृत्त मुख्याध्यापिका, हल्ली मुक्काम रोहा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर दडपण आणायची हिंमत कधी इन्स्पेक्टरांना झाली नाही, तिथे पुतण्याचे काय घेऊन बसलात.

१. अंत्यसंस्कार साधेपणाने करावेत. भाषणे नकोत. शाळा बंद झाली त्या दिवशी पोटभर ऐकली आहेत.

२. शाळा बंद होताच आमचे हेडक्लार्क महिपतराव यांनी तिचे सगळे जुने दप्तर पेणच्या एका गणपती कारखान्याला विकले. मूर्ती बांधायला कागद लागतो, बाप्पाच्या कामी आले म्हणजे पुण्यच, असे त्यांचे म्हणणे. काही हजेरीपट सोंडेला गुंडाळून थेट परदेशी गेले. आमच्या एकाही शिक्षिकेला तो मान मिळाला नव्हता. उरलेले मी कारखान्यात बसून मूर्तींच्या अंगावरून सोडवले आणि टेम्पोने रोह्याला आणले. महिपतरावांना माझा चष्मा द्यावा. माझ्यापेक्षा त्यांनाच त्याची जास्त गरज होती.

३. पुतण्या निकेश नागोठण्याला कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की माझ्या तब्येतीची चौकशी करायला येतो आणि करता करता दप्तराची खोली मोजतो. तिथे शटर लावून त्याला व्हिडिओ कॅसेटचे दुकान काढायचे आहे. "आत्या, या रद्दीत हाय तरी काय गो?" असे विचारतो. त्याला शाळेची लाकडी फूटपट्टी देत आहे. खुशाल मोजत बसावे.

४. रद्दीत काय आहे ते सांगते. आमच्या मुली शिकून गेल्या, त्यांची लग्ने झाली, नवऱ्यांनी ताटातल्या तांदळात नवी नावे लिहिली आणि जुनी नावे गेली. कासूची पुतळी सासरी सुमन झाली. परवाच्या चैत्रात आली, प्रवेशाच्या पुस्तकात स्वतःची सही शोधली आणि तिच्यावर बोट ठेवून बसून राहिली. "बाई, या नावानं हाक मारणारं आता कोणी नाय," म्हणाली. मी हाक मारली. ती रडली, मीही रडले. मृत्युपत्रात खोटे कशाला लिहू. अशा बायका निडीहून येतात, पेणहून येतात. त्यांना चहा द्यावा लागतो, घाई करून चालत नाही.

५. म्हणून माझे राहते घर, दप्तर आणि त्याच्या खोलीसकट, मी मृणाली शिवा ठाकूर हिला देते. तिने दप्तर विकू नये आणि येणाऱ्या बाईला दार उघडावे, एवढीच अट. ही कोण बया, म्हणून निकेशने वकिलाकडे धावू नये. त्याने स्वतःच्या लग्नात अंगठीने 'भाविका' असे लिहिले, तीच ही, त्याची बायको. तिचे माहेरचे नाव त्याने एकदाही उच्चारलेले मी ऐकलेले नाही. या घरात राहायचे असल्यास त्याने मालकिणीची परवानगी मागावी, आणि मागताना तिला मृणाली म्हणावे.

लिहून देणार : हौसा कान्हू म्हात्रे (सही)

आमच्यासमोर सही झाली :
१. पोपट मोरू पाटील, शेजारी (सही)
२. धोंडुबाई महादेव भोईर, निवृत्त शिक्षिका (सही)

रोहा, दिनांक १२ डिसेंबर १९९६